नदीकाठची दोन कणसं

स्मरणिकेसाठी लेख पाठव, विषय तुझ्या आवडीचा घे, फक्त पगार आणि प्रमोशनच्या गोष्टी नकोत, असा समितीचा निरोप आला आणि मी आठवडाभर विचारात पडले. वीस वर्षांहून जास्त काळ मी संगणकाचे प्रोग्रॅम लिहिते आहे. त्यातलं काही सांगायला गेले तर घरचेसुद्धा पाचव्या मिनिटाला उठून जातात. मग ठरवलं, की आपल्यापैकी कुणाच्याच ओळखीच्या नसलेल्या, पण आपल्या सगळ्या वर्गाला लागू पडेल असं काही करून गेलेल्या एका माणसाबद्दल लिहावं. त्यांचं नाव बर्ट्रंड गोल्डबर्ग. शिकागोचे आर्किटेक्ट. १९९७ मध्ये ते गेले. मी त्यांना कधी पाहिलं नाही. पाहिल्या त्या त्यांनी नदीकाठी बांधलेल्या दोन इमारती, आणि त्याही अण्णांमुळे.

अण्णांना तुमच्यापैकी बरेच जण ओळखतात. सार्वजनिक बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. गॅदरिंगच्या आदल्या दिवशी येऊन स्टेजचे बांबू हलवून बघणारे ते हेच. आम्ही शिकागोला असताना ते तीन महिने आमच्याकडे आले होते. आमचं घर शहरापासून तासभर लांब, एका उपनगरात होतं. घर मोठं, अंगण मोठं, आणि बाहेर चालायला फुटपाथ नाही. दूध आणायला गाडी, वाचनालयात जायला गाडी. रोज सकाळी घाटावर जाऊन चार माणसांशी बोलून येणारे अण्णा दुसऱ्या आठवड्यात गप्प गप्प झाले. म्हणून एका शनिवारी आम्ही त्यांना शहरात नेलं आणि नदीतून फिरवणाऱ्या बोटीत बसवलं.

एका पुलाखालून बोट बाहेर आली आणि समोर दोन गोल मनोरे दिसले. वरपासून खालपर्यंत अर्धगोल गच्च्यांच्या रांगा. अण्णा लगेच म्हणाले, ही तर मक्याची कणसं! शिकागोची माणसंही त्यांना कणसंच म्हणतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. मग त्यांनी दोन प्रश्न विचारले. खालचे एवढे मजले नुसत्या गाड्या ठेवायला कुणी सोडले, आणि या सगळ्याला पैसे कुणी दिले? पहिल्याचं उत्तर बोटीवरच्या गाइडने दिलं. दुसऱ्याचं मला नंतर वाचून कळलं. ते असं होतं, की इमारतींची झाडलोट करणाऱ्या, लिफ्ट चालवणाऱ्या, काचा पुसणाऱ्या कामगारांच्या युनियनने.

त्या उत्तरापासून मी गोल्डबर्ग यांचं मिळेल ते वाचत गेले.

त्यांचा जन्म १७ जुलै १९१३ चा, शिकागोतलाच. शिक्षणाची सुरुवात पूर्वेकडे हार्वर्डच्या परिसरात झाली. १९३२ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, ते जर्मनीला बाउहाऊसमध्ये शिकायला गेले. बाउहाऊस ही त्या काळातली कला आणि वास्तुकलेची सर्वांत नावाजलेली शाळा. कारखान्यात तयार होणाऱ्या साध्या, स्वच्छ वस्तूंनी सामान्य माणसाचं घर सुधारता येईल, असा तिचा विश्वास होता. पण गोल्डबर्ग पोचले तेव्हा शाळेचे दिवस भरत आले होते. डेसाऊ गावातून हुसकावल्यावर ती बर्लिनमध्ये टेलिफोनच्या एका जुन्या, बंद कारखान्यात भरत होती. शाळेचे प्रमुख होते मीस व्हान डेर रोह, आणि त्यांच्याच छोट्याशा ऑफिसात या अमेरिकन मुलाने काम केलं. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. एप्रिलमध्ये शाळेवर पोलिसांची धाड पडली आणि काही महिन्यांत ती कायमची बंद झाली. ज्यू घरातले गोल्डबर्ग त्याच वर्षी जर्मनी सोडून पॅरिसमार्गे शिकागोला परतले.

शिकागोत आर्मर इन्स्टिट्यूटमध्ये थोडं शिकून आणि दुसऱ्या आर्किटेक्टांच्या हाताखाली थोडं काम करून १९३७ मध्ये त्यांनी स्वतःचं ऑफिस थाटलं. काळ मंदीचा. मोठी कामं मिळत नव्हती, म्हणून मिळेल ते घेतलं. १९३८ मध्ये त्यांनी आइस्क्रीमचं एक फिरतं दुकान काढलं. मधोमध एक खांब, त्याच्या डोक्यावरून सोडलेल्या तारा आणि त्या तारांना टांगलेलं छप्पर. खाली काचेच्या भिंती, पण त्यांच्यावर भार काही नाही. त्याच वर्षी पेट्रोल पंपही तसाच बांधला. पुढे घडीची घरं केली, प्लायवूडचे रेल्वे डबे केले. हे सगळं दहा-बारा वर्षांत विसरलं गेलं असतं. पण भार मधल्या एका खांबाने घ्यायचा आणि भोवतालची जागा मोकळी सोडायची, ही कल्पना त्यांच्या डोक्यात तिथेच पक्की झाली. आमच्या कामातही असंच होतं. विशीत एखाद्या फुटकळ प्रोग्रॅमसाठी शोधलेली युक्ती चाळिशीत मोठ्या कामाला उपयोगी पडते.

मोठं काम यायला मात्र वीस वर्षं जावी लागली.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत शहरं सोडून बाहेर जायची लाट आली. सरकारने नवे रुंद रस्ते बांधले. घरकर्जाला हमी देणारं फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशन हे सरकारी खातं होतं, त्याच्या डोळ्यांसमोर घर म्हणजे उपनगरातलं स्वतंत्र, अंगणवालं, मुलाबाळांच्या कुटुंबाचं घर. शहरातल्या कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांना तर या खात्याने वर्षानुवर्षं कर्जहमीच्या बाहेर ठेवलं होतं. ज्यांना परवडलं आणि ज्यांना जाऊ दिलं ते गेले. १९५० मध्ये शिकागोची लोकसंख्या ३६ लाखांवर होती. १९६० च्या मोजणीत ती पहिल्यांदाच घटलेली दिसली. दिवसा ऑफिसं भरलेली असायची, संध्याकाळी सहानंतर शहराच्या मध्यभागी सामसूम.

हे सगळ्यांना दिसत होतं. पण त्याचा अर्थ सर्वांत आधी कळला तो विल्यम मॅकफेट्रिज यांना. ते इमारतींत काम करणाऱ्या कामगारांच्या देशव्यापी युनियनचे अध्यक्ष होते. त्यांचा हिशेब सरळ होता. माणसं शहरात राहिली तर इमारती भरलेल्या राहतील, इमारती भरलेल्या राहिल्या तर झाडणाऱ्याला, लिफ्टवाल्याला, बॉयलरवाल्याला काम राहील. उपनगरातल्या अंगणवाल्या घराला ना लिफ्टवाला लागतो, ना रखवालदार. पगारवाढीसाठी भांडायचं कुणाशी, इमारतच रिकामी झाली तर? तेव्हा युनियनचा पैसा बँकेत ठेवण्यापेक्षा शहराच्या मध्यभागी माणसांना राहायला घरं बांधण्यात घालावा, असं ठरलं. घरबांधणीच्या व्यवसायातले चार्ल्स स्वायबेल सोबतीला आले आणि आराखड्याचं काम गोल्डबर्ग यांच्याकडे आलं. त्यांचं वय तेव्हा पंचेचाळिशीच्या पुढे होतं आणि नावावर एकही उंच इमारत नव्हती.

जागा मिळाली ती शिकागो नदीच्या उत्तर काठावर, स्टेट आणि डिअरबॉर्न या रस्त्यांच्या मध्ये, रेल्वेची. सुमारे तीन एकर. आज तिथे नदीकाठाने फिरायला सुंदर पायवाट आहे, बोटींची गर्दी असते. तेव्हा तसं काही नव्हतं. नदी म्हणजे कारखान्यांची आणि गोदामांची मागची बाजू. पिण्याच्या पाण्याच्या सरोवरात शहराची घाण जाऊ नये म्हणून इंजिनियरांनी १९०० मध्ये कालवा खणून या नदीचा प्रवाहच उलटा फिरवला होता. असल्या पाण्याकडे तोंड करून कोण राहील, असं कुणालाही वाटलं असतं. गोल्डबर्ग यांनी मात्र नदीलाच घराचं अंगण मानलं. तळाशी धक्का बांधला, तिथे रहिवाशांनी आपल्या छोट्या बोटी ठेवायच्या. म्हणून नाव पडलं मरीना सिटी.

नावातला दुसरा शब्दही विचार करून ठेवलेला होता. त्यांना इमारत नको होती, शहराच्या आत एक छोटं शहर हवं होतं. घरांचे दोन मनोरे, शेजारी ऑफिसांची इमारत, एक नाट्यगृह, आणि खाली दुकानं, हॉटेलं, व्यायामशाळा, पोहण्याचा तलाव, बोलिंगची जागा, हिवाळ्यात घसरायला बर्फाचं मैदान. राहणं, काम आणि करमणूक वेगवेगळ्या भागांत ठेवायची, अशी त्या काळच्या नगररचनेची शिकवण. गोल्डबर्ग यांचं म्हणणं असं, की ऑफिसं दिवसा जागी असतात आणि घरं रात्री. दोन्ही एका ठिकाणी असली तर त्याच रस्त्यांवर, त्याच दुकानांवर दुप्पट माणसं जगतात आणि जागा चोवीस तास जिवंत राहते. आपल्या पेठांमध्ये खाली दुकान आणि वर बिऱ्हाड असायचं, त्यामागचा हिशेब याहून वेगळा नव्हता.

आता मनोऱ्याची रचना. मधोमध काँक्रीटचा पोकळ गोल गाभा, सुमारे ३२ फूट रुंद. त्यात लिफ्ट, जिने आणि नळ-विजेच्या मुख्य वाटा. गाभ्याभोवती गोल बोळ, आणि बोळाभोवती घरं. गोल भाकरीचे सोळा सारखे तुकडे केले तर प्रत्येकाला जो आकार येईल तो इथल्या खोलीचा. निमुळत्या टोकाला, म्हणजे गाभ्याकडे, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर. रुंद टोकाला बसायची-झोपायची जागा, तिच्यापुढे जमिनीपासून छतापर्यंत काच आणि काचेपलीकडे अर्धगोल गच्ची. या तुकड्यांना पाकळ्या म्हणतात. एक पाकळी म्हणजे एका खोलीचं घर, दीड पाकळी म्हणजे त्याहून मोठं, अडीच पाकळ्या म्हणजे दोन झोपायच्या खोल्यांचं. दाराशी माणूस आला की त्याची नजर आपोआप रुंदावत बाहेर जाते, आणि छोटं घर छोटं वाटत नाही. प्रत्येक घराला गच्ची, प्रत्येक घराला उजेड. लांबलचक अंधारे बोळ नाहीत, कारण गोलात सगळेच मध्यापासून सारख्या अंतरावर असतात. शिवाय गोल इमारतीवरून वारा घसरून जातो, आणि शिकागोत वारा म्हणजे काय ते तिथे हिवाळा काढलेल्यांनाच कळेल.

गोलाची गैरसोयही होती. घरात आतल्या भिंतींना काटकोन नाही. चौकोनी कपाट, चौकोनी पलंग कुठे लावायचा हे तिथल्या रहिवाशांना आजही नव्याने सोडवावं लागतं.

अण्णांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं. खालचे १९ मजले म्हणजे गाड्या ठेवण्याचा उघडा, गोल फिरत वर जाणारा रस्ता. नेमलेला माणूस गाडी वर नेऊन लावतो. त्यावर विसाव्या मजल्यावर कपडे धुण्याची सामाईक खोली, आणि २१ पासून ६० पर्यंत घरं. एका मनोऱ्यात ४५०, दोन्हींत मिळून ९००. यात हुशारी अशी, की गाड्यांना खाली उंची दिल्यामुळे सगळ्यात खालचं घरसुद्धा नदीपासून वीस मजले वर गेलं. उजेड, वारा आणि पाण्याचं दृश्य यांच्या बाबतीत कुणीच तळमजल्याचा राहिला नाही. आज मुंबई-पुण्याच्या टॉवरांत खाली पार्किंगचे मजले असतात ते आपण गृहीत धरतो. गोल्डबर्ग यांनी ते १९५९ मध्ये कागदावर काढलं. आणि कपडे धुण्याची खोली तळघरात न ढकलता त्यांनी ती नदी दिसेल अशा उंचीवर ठेवली, हे मला फार आवडलं. कपडे वाळेपर्यंत माणसं बोलतील कुठे, याचा कुणीतरी विचार केला होता.

कर्जाला त्याच फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशनची हमी मिळवावी लागली. ज्या खात्याला घर म्हणजे मुलाबाळांचं उपनगरातलं घर एवढंच माहीत, त्याला एकट्यादुकट्या माणसांसाठी शहराच्या मध्यभागी छोटी घरं पटवून द्यायची होती. एकटी राहणारी नोकरदार स्त्री, नवं जोडपं, मुलं मोठी होऊन निघून गेलेले नवरा-बायको, ही सगळी माणसं खऱ्या शहरात होती, फक्त सरकारी नियमात नव्हती. हमी मिळाली. नोव्हेंबर १९६० मध्ये कामाला सुरुवात झाली.

बांधकामाची पद्धत ऐकून अण्णा खूश झाले होते. आधी गाभा उभा केला, तो सरकत्या साच्याने. साचा हळूहळू वर सरकवत जायचा आणि आत काँक्रीट ओतत राहायचं. त्या भागात धान्याच्या मोठ्या कोठ्या असंच बांधत. गाभा पुढे, आणि त्याच्या मागून गोल मजले वर चढत जायचे. अमेरिकेत टॉवर क्रेन वापरून उभ्या राहिलेल्या पहिल्या इमारतींत मरीना सिटी मोजतात. मनोरे ६५ मजल्यांचे, १७९ मीटर उंच. पूर्ण झाले तेव्हा जगातल्या सर्वांत उंच निवासी इमारती, आणि सर्वांत उंच आरसीसी बांधकामंही, हेच होते. एकूण खर्च ३.६ कोटी डॉलर.

पहिले रहिवासी १९६२ मध्ये राहायला आले. योगायोग असा, की त्याच वर्षी शिकागोच्या प्लंबर कामगारांच्या युनियनने सेंट पॅट्रिकच्या सणाला नदी हिरवी रंगवायला सुरुवात केली. सांडपाण्याच्या गळत्या शोधायला जो रंग ते वापरत, तोच रंग. नदीकडे पाठ फिरवलेल्या शहराला पुन्हा नदीशी आणून उभं करणारे, दोन्ही वेळा, कामगारच.

मरीना सिटी गाजली. घरं भरली. आपल्या कामापर्यंत पायी जाणारी माणसं तिथे राहू लागली. पण सगळं ठरवल्यासारखं झालं असं नाही, आणि ते न सांगता पुढे जाणं बरोबर नाही. मुलांच्या कुटुंबाला अडीच पाकळ्या पुरत नाहीत, त्यामुळे लहान मुलं तिथे फारशी नव्हती. खालची करमणुकीची जागा काही वर्षांत ओसरली, बर्फाचं मैदान गेलं, नाट्यगृह पडून राहिलं. १९७७ मध्ये भाड्याची घरं मालकीची झाली. ज्या झाडणाऱ्यांच्या पैशांतून ती उभी राहिली, त्यांच्यासाठी ती कामाची जागा होती, राहण्याची नव्हे. गोल्डबर्ग यांच्या कामातली ही उणीव त्यांच्याही ध्यानात असावी असं मला वाटतं, कारण पुढचं काम त्यांनी गरिबांसाठी घेतलं.

त्याच स्टेट रस्त्यावर दक्षिणेला दोन-अडीच मैलांवर, १९६६ मध्ये, त्यांनी रेमंड हिलियार्ड होम्स ही सरकारी वसाहत बांधली. म्हाताऱ्या माणसांसाठी १६ मजल्यांच्या दोन गोल इमारती आणि कुटुंबांसाठी १८ मजल्यांच्या दोन वळणदार इमारती, एकूण ७५६ घरं. सरकारी पैसा कमी, पण घराची खिडकी, उजेड आणि बाहेरची मोकळी जागा यांत त्यांनी हात आखडता घेतला नाही. त्याच्याही पुढे काही मैलांवर रॉबर्ट टेलर होम्स ही दुसरी सरकारी वसाहत १९६२ मध्ये पूर्ण झाली होती. १६ मजल्यांच्या, एका साच्यातल्या २८ चौकोनी इमारती एका ओळीत. गरिबी, गुन्हेगारी आणि दुर्लक्ष यांनी ती वसाहत खचली, आणि २००७ पर्यंत त्यातली प्रत्येक इमारत पाडली गेली. हिलियार्ड होम्स उभी आहे, दुरुस्त होऊन आजही माणसं तिथे राहतात. नुसत्या आकारामुळे हे झालं असं कुणी म्हणणार नाही. पण तिथे राहणारा माणूस कोण, हे आखताना कुणाच्या मनात होतं आणि कुणाच्या नव्हतं, हे त्या रस्त्यावरून गेलं की कळतं.

नदीकाठ त्यांनी सोडला नाही. सत्तरच्या दशकात नदीच्या दक्षिण फाट्यावर, रेल्वेच्याच रिकाम्या जागेत, त्यांनी ७२ मजल्यांच्या मनोऱ्यांची एक वसाहत आखली. तीन-तीन मनोरे मध्ये पुलांनी जोडलेले, म्हणजे वरच्या वर शेजार. दाटी फार होईल म्हणून महापालिकेने ती मान्य केली नाही. वयाच्या साठीनंतर आलेला नकार. दुसरं कुणी असतं तर सोडून दिलं असतं. त्यांनी आराखडा लहान केला, आडवा केला, आणि १९८६ मध्ये नदीच्या काठाने सापासारखी वळणं घेत जाणारी रिव्हर सिटी पूर्ण झाली. सुमारे साडेचारशे घरं, तळाशी पुन्हा बोटींचा धक्का, आणि इमारतीच्या पोटातून जाणारा, वरून काचेच्या विटांतून उजेड येणारा एक वळणदार रस्ता, ज्याच्यावर घरांची दारं उघडतात. मी तो पाहिला तेव्हा मला आपल्या गावातला बोळ आठवला. दार उघडलं की समोर माणूस.

संगणकवालीने सांगावी अशीही एक गोष्ट त्यांच्या आयुष्यात आहे. १९७५ मध्ये त्यांनी प्रेंटिस हे स्त्रियांचं रुग्णालय बांधलं. मध्ये गाभा आणि चार बाजूंना चार काँक्रीटच्या पाकळ्या, खाली आधाराला खांब नाहीत. परिचारिका मधोमध, म्हणजे प्रत्येक रुग्णाजवळ सारख्याच पावलांत पोचणार. असलं वळणदार कवच हाताने गणित करून तपासणं अवघड, म्हणून विमानांच्या उद्योगातला एक संगणक प्रोग्रॅम आपल्या कामासाठी बदलून त्यांच्या ऑफिसने वापरला. आज कॉलेजातली मुलं लॅपटॉपवर जे करतात ते तेव्हा आर्किटेक्टच्या ऑफिसात जवळजवळ कुणी करत नव्हतं.

८ ऑक्टोबर १९९७ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी, गोल्डबर्ग शिकागोतच वारले. जन्मगावातच त्यांनी आयुष्यातली बरीच मोठी कामं केली. मरणानंतरचा हिशेब दोन्हीकडे गेला. प्रेंटिस वाचवण्यासाठी जगभरच्या आर्किटेक्टांनी विनवण्या केल्या, तरी २०१३ मध्ये ते पाडायला घेतलं. मरीना सिटीला २०१६ मध्ये शहराने वारसा म्हणून संरक्षण दिलं. तिच्या शेजारीच त्यांचे गुरू मीस यांची शेवटची मोठी इमारत आहे, काळी, सरळसोट, ५२ मजल्यांची, मीस गेल्यानंतर पूर्ण झालेली. बोटीतून एका नजरेत दोन्ही दिसतात. गुरूचा चौकोन आणि शिष्याचा गोल. गुरूकडून शिकायचं सगळं, आणि मग वाट आपली धरायची, याचं इतकं उघड चित्र मी दुसरीकडे पाहिलं नाही.

आता हे सगळं आपल्या स्मरणिकेत कशासाठी, ते सांगते.

१९९६ ला आपण दहावी झालो तेव्हा आपल्या इयत्तेच्या तीन तुकड्या होत्या. आज मराठी माध्यमाची एक तुकडी जेमतेम भरते असं कळलं. मेळाव्याच्या यादीत पत्त्यांचा रकाना पाहिला तर पुणे, मुंबई, बंगळुरू, दुबई, न्यू जर्सी. गावात राहिलेले मोजून अकरा. आपण गेलो त्यात चूक नाही, काम जिथे तिथे माणूस जाणारच. मीही गेले. पण आपण गेलो तेव्हा आपल्याबरोबर काय काय गेलं, हे मला मॅकफेट्रिज यांच्या हिशेबाने पहिल्यांदा कळलं. घाटाकडच्या वाड्यांतली बिऱ्हाडं उठली तशी कोपऱ्यावरची पिठाची गिरणी बंद पडली. इस्त्रीवाले काका गेले. शाळेपुढची चिंचा-बोरांची गाडी गेली. राहणारा निघून गेला की त्याच्यावर जगणाराही उठतो, हे शिकागोच्या झाडणाऱ्यांना १९५९ मध्ये दिसत होतं. मला शिकूनसवरून चाळिशीत दिसलं.

अण्णांना जाऊन तीन वर्षं झाली. आमचं घाटाकडचं घर तेव्हापासून कुलूपबंद आहे. २००५ चं आणि २०१९ चं पाणी त्याने अंगावर घेतलं, पुराची रेषा भिंतीवर अजून दिसते. आमच्याकडची नदी शिकागोच्या नदीसारखी मुकाट्याने उलटी फिरणारी नाही, तिला दर काही वर्षांनी आपली जागा परत हवी असते, आणि काठावर काही करायचं तर ते तिला विचारूनच करावं लागेल. गोल्डबर्ग यांनी राहती घरं विसाव्या मजल्यावर चढवली ती दृश्यासाठी. पण राहणं वर आणि पाण्यात भिजलं तरी चालेल ते खाली, ही मांडणी पूर येणाऱ्या गावालाही शिकण्यासारखी आहे. भाऊ म्हणतो विकून टाकू. मी अजून हो म्हटलेलं नाही. पडझड काढून, वरच्या मजल्यावर दोन-तीन छोटी बिऱ्हाडं होतील असं दुरुस्त करता येईल का, हे मी एका जाणकाराला विचारते आहे. बँकेत नवी लागलेली मुलगी असेल, बदलीवर आलेले शिक्षक असतील, मुलं परगावी गेलेलं एखादं जोडपं असेल. अशी माणसं गावात आहेत, हे मला ठाऊक आहे.

आपल्या वर्गात सिव्हिलवाले आहेत, बँकवाले आहेत, आणि गावात राहिलेले ते अकरा जण आहेत. त्यांना सगळ्यांत जास्त कळतं. मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी घाटावर असेन. जमेल त्यांनी या. चहाची गाडी अजून तिथे लागते, एवढं मी चौकशी करून ठेवलं आहे.